प्रोथियनांनी ते बांधलं नव्हतं

‘मास इफेक्ट’ हा खेळ २००७ साली आला. कॅनडातल्या एडमंटन शहरातल्या बायोवेअर कंपनीनं तो घडवला. तो सुरू करा आणि भेटेल त्याला विचारा: एका तारासमूहातून दुसऱ्यात क्षणात पोचवणारे हे अजस्र मास रिले कुणी उभारले? आकाशगंगेतल्या सगळ्या वंशांची राजधानी जिथे वसली आहे, ते सिटाडेल कुणाचं? सैनिक असो, राजदूत असो की संशोधक, सगळ्यांचं उत्तर एकच. प्रोथियनांचं. पन्नास हजार वर्षांपूर्वी नाहीसा झालेला महान वंश, त्यांनीच हे सगळं बांधलं. सगळे हे इतक्या खात्रीनं सांगतात की खेळणाऱ्याच्या मनात शंकेला जागाच उरत नाही.

आणि ते साफ खोटं असतं.

रिले प्रोथियनांचे नव्हते. सिटाडेलही त्यांचं नव्हतं. दोन्ही रीपर नावाच्या यंत्रजीवांनी मांडून ठेवलेले सापळे होते, आणि प्रोथियन त्याच सापळ्यात सापडून मेले होते. व्हर्मायर ग्रहावर सॉव्हरिन नावाचा रीपर हे तोंडावर सुनावतो, तेव्हा अख्खी कथा उलटी होते. ज्यांना आपण निर्माते समजत होतो ते बळी होते. ‘आधीच्या थोर लोकांनी करून ठेवलंय’ या समजुतीपुढे कुणी प्रश्नच विचारला नव्हता.

हा खेळ मी चार वेळा शेवटापर्यंत खेळलो. त्याच्या पुढच्या दोन भागांसकट खेळलो. म्हणूनच चाहत्यांनी त्यातल्या प्राचीन वंशांविषयी पिकवलेले सिद्धान्त ऐकले की मला संताप येतो. जी चूक उघडी पाडण्यासाठी ही कथा रचली गेली, नेमकी तीच चूक हे लोक कथेवर लादतात, आणि वर तिला सखोल वाचन म्हणतात. हे वाचन सखोल नाही. हा आळस आहे.

आधी सापळा समजून घ्या, कारण सगळं त्यावर उभं आहे. साधारण दर पन्नास हजार वर्षांनी नव्या वंशांना सिटाडेल रिकामं सापडतं. इतकं तयार, इतकं सुरक्षित स्थानक आयतं मिळालं की ते तिथेच राजधानी थाटतात. कीपर नावाचे मुके जीव त्याची देखभाल करत असतात. ते कोण, कुठून आले, कुणाच्या हुकमावर चालतात, हे कुणाला ठाऊक नसतं. त्यांना छेडू नये असा कायदाच असतो, त्यामुळे अभ्यासही होत नाही. वेळ आली की एक संकेत सुटतो, कीपर तो मानतात आणि सिटाडेलच एका प्रचंड रिलेत बदलतं. आकाशगंगेबाहेरच्या काळोखात थांबलेले रीपर त्यातून थेट राजधानीत उतरतात. पहिल्याच घावात सत्ताधारी मरतात, वसाहतींच्या नोंदी शत्रूच्या हाती जातात, रिले बंद पडतात आणि प्रत्येक तारासमूह एकटा पडतो. पुढे उरते ती शतकानुशतकांची कत्तल.

हा सापळा चालतो कशावर? श्रद्धेवर. प्राचीन लोक आपल्यापेक्षा शहाणे होते, त्यांनी बांधलेलं तपासायची आपली लायकी नाही, या श्रद्धेवर. मास रिले हा रस्ता आहे आणि रस्ता ज्यानं आखला त्यानं चालणाऱ्याची दिशाही ठरवली आहे, हे सॉव्हरिनचं सांगणं विज्ञानकथेपुरतं नाही. कुणाही समाजाला लागू पडेल असा तो इशारा आहे.

मग प्रोथियनांनी केलं तरी काय? उत्तर इलोस ग्रहावर मिळतं, आणि माझ्या मते संपूर्ण मालिकेतला सर्वांत मोठा क्षण तोच आहे. इलोसवर प्रोथियनांचं एक गुप्त संशोधन केंद्र होतं. हल्ल्यात त्याच्या नोंदी नष्ट झाल्या, म्हणून रीपरांना त्याचा पत्ता लागला नाही. शास्त्रज्ञ शीतनिद्रेत गेले आणि विजिल नावाची संगणकीय बुद्धी त्यांच्यावर पहारा करत राहिली. शतकं गेली. वीज संपत आली. विजिलनं आधी कमी गरजेच्या माणसांच्या पेट्या बंद केल्या, मग त्यांच्यावरच्या, मग त्यांच्याही वरच्या. शेवटी अवघे डझनभर शास्त्रज्ञ उरले. या डझनभरांनी स्वतः घडवलेल्या एका छोट्या रिलेतून सिटाडेल गाठलं आणि कीपरांपर्यंत पोचणारा तो संकेत बिघडवला. परतीची वाट नव्हती. ते तिथेच उपाशी मेले असावेत, असं विजिल सांगतो.

पन्नास हजार वर्षांनी सॉव्हरिननं संकेत दिला आणि कीपर हलले नाहीत. शेपर्डला, म्हणजे खेळणाऱ्याला, लढायला जो वेळ मिळाला तो या डझनभर भुकेल्या माणसांनी कमावून ठेवलेला होता. प्रोथियनांचं खरं कर्तृत्व हे. ज्याचं श्रेय त्यांना सगळे देत होते ते त्यांचं नव्हतं, आणि जे त्यांनी खरोखर केलं ते कुणाला माहीत नव्हतं. यापेक्षा नेमकं इतिहासाविषयी काय सांगता येईल?

आता चाहत्यांचे सिद्धान्त पाहा. एक म्हणतो, मानव प्रोथियनांनीच घडवला. दुसरा म्हणतो, प्रोथियनांच्या मागे त्यांच्याहून जुना वंश होता आणि सगळी सूत्रं त्याच्या हाती होती. २०१७च्या ‘अँड्रोमेडा’ या भागात जार्डान नावाच्या एका गूढ वंशाचा उल्लेख येतो. त्यांनी अंगारा हे लोक निर्माण केले आणि ते निघून गेले. त्या भागाची कथा पुढे वाढवली गेली नाही, जार्डान कोण ते कळलं नाही, आणि या मोकळ्या जागेत सिद्धान्तांचं तण माजलं. जार्डान म्हणजे पळून गेलेले प्रोथियन. जार्डान म्हणजे रीपरांचेच कुणी. प्रत्येक सिद्धान्ताचा साचा तोच: दोन न जुळणाऱ्या गोष्टी घ्यायच्या, दोन्हींच्या मागे एकच छुपा धनी उभा करायचा आणि आपल्याला रहस्य उलगडल्याचं जाहीर करायचं.

मी विचारतो, यात उलगडलं काय? दोन वंश होते, दोन इतिहास होते, दोन वेदना होत्या. तुम्ही त्यांचा एक केलात. आकाशगंगा होती त्याहून लहान झाली. ज्याला विश्व मोठं असल्याचा आनंद होतो तो असं करत नाही.

चाहते जाविक या प्रोथियन पात्राकडे बोट दाखवतात. प्रोथियनांनी असारी वंशाला शिकवलं हे खेळच सांगतो ना, असं ते विचारतात. सांगतो. २०१२च्या तिसऱ्या भागात थेसिया ग्रहावरच्या देवळात कळतं की असारी ज्या अथामे देवीला पूजत होत्या तिच्यामागे प्रोथियन होते. ऋतूंचं आणि शेतीचं ज्ञान त्यांच्याकडून आलं होतं. हॅनार वंशाचे लोक तर प्रोथियनांना उघडपणे देवच मानतात. पण हे सांगताना कथा काय करते, तेही पाहा. त्याच देवळात असारींनी प्रोथियनांचं ज्ञानसाधन लपवून ठेवलेलं सापडतं. त्याच्या जोरावर त्या इतरांच्या पुढे राहिल्या आणि संकट आल्यावर त्यांच्या कामी काहीच आलं नाही. आयतं ज्ञान घेऊन ते दडवणारा समाज कोसळताना खेळ आपल्याला दाखवतो. देवांनी शिकवलं याचा तिथे गौरव नाही, तिथे त्याचा हिशेब आहे.

आणि स्वतः जाविक? तो शीतनिद्रेतून जागा झालेला शेवटचा प्रोथियन. लियारा नावाच्या असारी पुरातत्त्वज्ञ बाईनं प्रोथियनांच्या अभ्यासात उमेदीची वर्षं घातली. तिच्या मनात प्रोथियन म्हणजे ज्ञानी, शांत, उदार लोक. जाविक ती प्रतिमा दोन वाक्यांत मोडून टाकतो. प्रोथियन हे साम्राज्य होतं. ते इतर वंशांना जिंकून आपल्यात ओढत आणि कालांतरानं सगळ्यांनाच प्रोथियन म्हणत. म्हणजे ‘प्रोथियन’ हा शब्दच एका वंशाचा नव्हता. जिंकलेल्यांची नावं त्याखाली पुसली गेली होती.

इथेही थांबू नका. जाविक तरी किती जाणतो? त्याचा जन्म युद्धात झाला. भरभराटीचं साम्राज्य त्यानं डोळ्यांनी पाहिलेलंच नाही. साक्षीदार आहे, पण तोही अर्धाच. पुरावा कसा तोलायचा असतो हे लेखकांनी या एका पात्रातून शिकवलं आहे. चाहत्यांनी त्यातून काय उचललं? ‘जाविक म्हणाला’ एवढंच.

हा साचा कुठून आला ते आपल्याला परकं नाही. स्विस लेखक एरिक फॉन डेनिकन यानं १९६८ साली पुस्तक काढलं आणि जगभरच्या प्राचीन वास्तूंमागे परग्रहावरचे पाहुणे उभे केले. ती लाट आपल्याकडेही आली. तिनं गाठलं वेरूळ. सोळाव्या क्रमांकाचं कैलास लेणं माणसाच्या हातून होणंच शक्य नाही, असं आजही आपल्या घराघरांत, आपल्याच भाषेत, छाती फुगवून सांगितलं जातं. सांगणाऱ्याला वाटतं तो वेरूळचा गौरव करतो आहे. तो वेरूळच्या पाथरवटांचा अपमान करतो आहे.

कैलास आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात आकाराला आलं. ते कळसाकडून पायाकडे कोरलं गेलं, म्हणून मचाणं बांधून चढावं लागलं नाही. दगडावर छिन्नीच्या खुणा आजही दिसतात. आपल्या डोंगरांत अर्धवट सोडलेली लेणी आहेत. अजिंठ्याचं चोविसावं लेणं पाहा. काम कोणत्या क्रमानं चालायचं, दगड कुठे राखायचे, खांब आधी कसे ठोकळ्यासारखे सोडायचे, हे त्या अर्धवट दालनात उघड्या वहीसारखं वाचता येतं. परग्रहावरून आलेला कारागीर खांब अर्धवट टाकून जातो का?

वेरूळची एक जुनी कथा कृष्ण याज्ञवल्कीच्या ‘कथाकल्पतरू’ या मराठी ग्रंथात आहे. शिखर दिसेपर्यंत जेवणार नाही असं राणीनं व्रत घेतलं. इतर स्थपतींना महिनोन्‌महिने हवे होते. पैठणचा कोकस म्हणाला, आठवड्यात दाखवतो, आणि त्यानं काम शिखरापासून सुरू केलं. ही दंतकथा आहे. पण दंतकथेतसुद्धा आपल्या पूर्वजांनी श्रेय दिलं ते माणसाच्या अकलेला. वरून खाली का कोरलं, या प्रश्नाला त्यांनी माणसाचंच उत्तर शोधलं. इसवी सन ८१२-१३च्या बडोद्याच्या ताम्रपटातही या देवळाचं वर्णन आहे. ते पाहून देव चकित झाले आणि हे आपण केलं तरी कसं असं खुद्द शिल्पकाराला वाटलं, अशा आशयाचं. बाराशे वर्षांपूर्वीच्या त्या लेखकाला विस्मय झाला, तरी त्या विस्मयात त्यानं करणाऱ्याला पुसलं नाही. आपण पुसतो.

‘मास इफेक्ट’चे सिद्धान्त मी वेरूळशेजारी आणून ठेवतो ते याचसाठी. सवय एकच आहे. मोठं काम दिसलं की ते केलेल्यांकडून काढून घ्यायचं आणि न दिसणाऱ्या कुणाच्या तरी खात्यावर टाकायचं. खेळात बळी जातात ते इलोसचे डझनभर शास्त्रज्ञ. इथे बळी जातात ते ज्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत असे हजारो हात.

दुसरा रोग त्याहून वाईट आहे: मोडताच येत नाही असा सिद्धान्त. मार्च २०१२मध्ये तिसरा भाग आला आणि त्याचा शेवट असंख्य लोकांना पटला नाही. मलाही पटला नाही. मग एक सिद्धान्त उठला: शेवटचे प्रसंग खरे नाहीतच, रीपरांनी शेपर्डच्या मनावर ताबा मिळवला आहे आणि आपण पाहतो ते त्याच्या डोक्यातलं स्वप्न आहे. त्यामागचं निरीक्षण बारीक होतं, हे मी मान्य करतो. स्वप्नातल्यासारखी झाडंझुडपं, न संपणाऱ्या गोळ्या, दुसऱ्या कुणालाही न दिसणारा मुलगा. पण जून २०१२मध्ये कंपनीनं शेवटाची वाढीव आवृत्ती दिली, पुढे काय झालं ते दाखवलं, तेव्हा कट्टर मंडळी म्हणाली की हेही स्वप्नातच. ज्या सिद्धान्ताच्या विरोधात जाणारी प्रत्येक गोष्ट त्याचाच पुरावा ठरते, तो सिद्धान्त नसतो. त्या खोलीला दारच नसतं. आत शिरलेला बाहेर येत नाही.

तसंच कृष्णऊर्जेचं. दुसऱ्या भागात, २०१० साली, हेस्ट्रोम ग्रहाचा सूर्य कृष्णऊर्जेमुळे अकाली म्हातारा होताना दिसतो. रीपरांच्या उद्देशाशी ते जोडण्याची एक कल्पना सुरुवातीला विचाराधीन होती, असं आधीच्या भागांचे लेखक ड्रू कार्पिशिन यांनी नंतर सांगितलं. ती वापरली गेली नाही. तरी आजही ‘खरा शेवट तोच’ म्हणून ती मिरवली जाते. टाकून दिलेला कच्चा खर्डा म्हणजे ग्रंथ नव्हे. जी कथा छापलीच गेली नाही तिच्याशी छापलेल्या कथेची तुलना करणं हा अन्याय आहे, कारण न लिहिलेल्या कथेत दोष सापडतच नाहीत.

कंपनीलाही मी सोडणार नाही. पहिल्या भागातल्या रीपरांची भीती त्यांच्या मौनात होती. आम्हाला समजून घेणं तुमच्या आवाक्यातलं नाही, असं ते म्हणत आणि पुढे बोलत नसत. ऑगस्ट २०१२मधल्या ‘लेव्हायथन’ या जोडभागात कंपनीनं त्यांचाही उगम सांगून टाकला. समुद्रतळाशी राहणारा, इतरांची मनं काबीज करणारा एक आदिम वंश, त्यानं निर्माण केलेली एक बुद्धी आणि त्या बुद्धीनं आपल्याच निर्मात्यांना कापून घडवलेला पहिला रीपर. जोडभाग म्हणून तो उत्तम आहे, त्यातला खोल पाण्यातला उतार मी विसरलेलो नाही. पण ‘त्याच्या मागे कोण’ या हावरट प्रश्नाला एकदा उत्तर दिलं की तो प्रश्न आणखी एक पायरी खाली सरकतो, एवढंच. चाहत्यांना ती चटक कंपनीनंही लावली.

मग तर्क लढवूच नये का? लढवा. चांगला तर्क कसा असतो हे खेळानंच दाखवून ठेवलं आहे. पहिल्या भागात क्लेन्डेगॉन ग्रहाचं वर्णन येतं: त्याच्या पृष्ठभागावर एक प्रचंड भेग, आणि ती कोट्यवधी वर्षांपूर्वी एका महातोफेच्या ओझरत्या माऱ्यानं पडलेली असावी असा अंदाज. नकाशात दोन ओळी. दुसऱ्या भागात संशोधक त्या माऱ्याची रेषा धरून शोध घेतात. त्यांना तोफ सापडते आणि पुढे तोफेचं लक्ष्यही सापडतं: तीन कोटी सत्तर लाख वर्षं निष्प्राण तरंगणारा रीपर. तोफ झाडणारे कोण होते? खेळ सांगत नाही. रेषा जिथवर जाते तिथवरच ते गेले. एक भेग, एक कोन, एक गणित आणि मग थांबण्याचा संयम. कुणी तरी, कधी तरी, रीपर पाडला होता. त्यांचं नाव उरलं नाही, जखम उरली. या दोन ओळींत जितका इतिहास आहे तितका तासन्‌तास चालणाऱ्या कुठल्याही सिद्धान्तात मला सापडलेला नाही.

मराठी वाचकाला हा संयम नवा नाही. जयंत नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीत लुप्त प्रगत संस्कृतीचा ठेवा जमिनीखाली सापडतो आणि त्यातल्या माहितीवरून यंत्रमानव घडवला जातो. तिथे गूढाचं कौतुक करत कुणी बसत नाही. माणसं मोजतात, तपासतात, चुकतात आणि चुकीची किंमत भरतात. प्राचीन संस्कृतीची कथा आपल्या भाषेत अशीही लिहिली गेली आहे.

‘अहो, खेळच तर आहे, इतकं काय मनावर घेता,’ असं मला सुनावलं जातं. मी घेतो. आजची लाखो मुलं पुरावा, साक्ष, अनुमान या गोष्टी पाठ्यपुस्तकातून शिकण्याआधी अशा खेळांतून शिकतात. काल्पनिक वंशाबद्दल विचार करताना जी सवय लागते तीच सवय उद्या वेरूळसमोर, ताम्रपटासमोर, गावच्या गढीसमोर उभं राहिल्यावर डोकं वर काढते. तिथे तो खेळ उरत नाही.

म्हणून पुढच्या वेळी कुणी प्राचीन वंशाचा नवा सिद्धान्त घेऊन आला तर त्याला तीन प्रश्न विचारा. हे कथेत कुठे आहे? काय सापडलं तर तुझं म्हणणं खोटं ठरेल? आणि हे मानलं तर कुणाचं श्रेय हिरावलं जातं? पहिल्या दोन प्रश्नांवर बहुतेक सिद्धान्त कोसळतील. तिसऱ्याचं उत्तर मात्र प्रत्येकानं स्वतःला द्यायचं आहे. इलोसवर वीज संपत असताना ते डझनभर लोक जागे झाले. त्यांनी ते अजस्र रिले बांधले नव्हते, सिटाडेल बांधलं नव्हतं. ते कशासाठी आहे हे त्यांनी शोधून काढलं आणि त्याचा संकेत बिघडवला, एवढंच; आणि आपण वाचलो ते तेवढ्यानंच.